यादी खोडणारे काका : अंधेरीतल्या एका कॅमेरा-लाइट भाड्याच्या दुकानाबद्दल

दुकानाचं नाव इथे मिळणार नाही. दुकान चालवणाऱ्या काकांनीच बजावलंय. "नाव टाकलंस तर उद्या अख्ख्या मुंबईतली कॉलेजची पोरं स्टुडंट रेट मागायला दारात उभी राहतील, आणि मला नाही म्हणता येत नाही." तेव्हा एवढंच सांगते : अंधेरी पश्चिम, लिंक रोडच्या बाजूची एक इंडस्ट्रियल इस्टेट, पहिल्या मजल्यावरचा गाळा. मेट्रोने डी. एन. नगरला उतरायचं आणि चालत जायचं. शोधलंत तर सापडेल. नाहीच सापडलं, तरी या प्रकारचं दुकान ओळखायचं कसं हे वाचता वाचता कळेल.

मी बीएएमएमसीच्या (माध्यमांचा पदवी कोर्स) तिसऱ्या वर्षाला आहे, जाहिरात हा विषय घेतलाय. (कोर्सचं नाव बदललं, पण आमच्या घरी अजून "बीएमएम करतेय" असंच सांगतात.) या वेळचं ब्रीफ, म्हणजे आम्हाला दिलेलं काम, असं होतं : बॉलपेनची एक काल्पनिक कंपनी, ६० सेकंदांची फिल्म, विषय चिकाटी, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. चिकाटी म्हटल्यावर वर्गातल्या अर्ध्याअधिक ग्रुप्सनी पहाटे मरीन ड्राइव्हवर धावणारा मुलगा घेतला. बूट, घाम, पडणं, उठणं, शेवटी हात वर. पेन कुठे, तर त्याच्या वहीत ध्येय लिहायला.

माझी गोष्ट लालबागच्या एका चाळीतली. एक बाई दिवसभर पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते आणि १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भरून रात्री घर झोपलं की दहावीचा अभ्यास करते. गणितात ३५ काही पडत नाहीत. संपलेल्या रिफिली ती टाकून देत नाही, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. डबा भरत जातो. निकाल दाखवायचाच नाही असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. शेवटच्या शॉटमध्ये रिफिल संपते, ती झटकून बघते, डब्यात टाकते, नवी घालते आणि पुढचं गणित लिहायला घेते. तिथेच कंपनीचं नाव.

हे सगळं सांगायचं कारण, काकांनीही मला आधी हेच सांगायला लावलं. मी टाइप केलेली यादी घेऊन गेले होते. सोनी एफएक्स३ कॅमेरा, तीन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स, त्यात लांबून चेहरा टिपणारी एक ८५ मिमीची, गिंबल (हातात कॅमेरा धरून चालताना हादरे येऊ न देणारं), स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी), ३०० वॉटचे दोन एलईडी लाइट, धुराचं मशिन. याआधी मी दोन दुकानांत हीच यादी दिली होती. दोघांनीही कॅल्क्युलेटर काढून आकडा सांगितला. एकाने तर त्याच पैशात आणखी एक लाइट घेऊन जा म्हणून आग्रह केला. काकांनी यादी उलटी करून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "गोष्ट काय आहे?"

मग प्रश्न सुरू झाले. खोली केवढी? दहा बाय बारा, वर पोटमाळा. भिंतींना रंग कुठला? मीटर किती अँपिअरचं, बेस्टचं स्वतःचं की सब-मीटर? गॅलरीत ट्यूब आहे का, पांढरी की पिवळट? बाई बोलते का? किती माणसं असणार खोलीत? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, कारण खोली माझ्या मावशीची आहे. उरलेल्यांसाठी मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि काकांनी तिच्याशी मीटरबद्दल माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्पा मारल्या.

काका मूळचे कुडाळकडचे. लाइटमन म्हणून सुरुवात केली, पुढे गॅफर, म्हणजे लाइट विभागाचे प्रमुख झाले. टंगस्टनच्या, म्हणजे तापणाऱ्या जुन्या दिव्यांच्या काळात हाताला बसलेले चटके अजून दाखवतात. उत्तरं मिळाल्यावर त्यांनी यादी सुलटी केली, कानावरचं पेन काढलं आणि खोडायला लागले.

८५ पहिली गेली. "दहा बाय बाराच्या खोलीत ८५ लावून तू उभी कुठे राहणार, शेजाऱ्यांच्या मोरीत?" स्लायडर गेला. गिंबलवर पेन टेकवून म्हणाले, "ह्या कित्याक व्हया? बाई बसलीय, उठत पण नाय." धुराच्या मशिनवर नुसती आडवी रेघ, त्याबद्दल बोलणंही त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. एफएक्स३ च्या जागी एफएक्स३० लिहिलं. हे मात्र मला झोंबलं. एफएक्स३ फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आणि फुल-फ्रेम म्हटलं की आमच्या वर्गात मान मिळतो. काकांचा हिशेब सरळ होता : बॉडी जवळपास तीच, १०-बिट ४:२:२ रेकॉर्डिंग (रंगांची भरपूर माहिती ठेवणारं) तेच, बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही आहे, फक्त सेन्सर लहान, सुपर ३५ चा. दिवसाचं भाडं दोन हजारांच्या आत. वाचलेले पैसे बाईंच्या मानधनाला दे.

लेन्स दोनच उरल्या, सिग्माची १६ मिमी आणि ३० मिमी, दोन्ही एफ १.४, म्हणजे कमी उजेडात चालणाऱ्या. या सेन्सरवर १६ म्हणजे फुल-फ्रेमच्या २४ सारखी दिसते. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभं राहिलं की झोपलेलं घर आणि उंबरठ्यावर बसलेली बाई एका फ्रेममध्ये येतात. ३० ने चेहरा. रिफिलच्या टोकाचा क्लोजअप मला हवा होता, तो ३० ने येत नाही, इतक्या जवळ ती फोकसच करत नाही. त्यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स मागितली तर काकांनी ड्रॉवरमधून एक एक्स्टेन्शन ट्यूब काढून दिली. काच नसलेलं रिकामं कडं. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवलं की लेन्स जवळचं पकडायला लागते, दूरचं सोडते. याचे पैसे लावले नाहीत. कोरड्या पडलेल्या रिफिलच्या टोकाचा गोळा कागदावर घसरतो आणि नुसती खूण उमटते, तो अख्ख्या फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट आहे आणि तो या कड्यातून आलाय.

लाइटचा भाग नीट लिहिते, कारण इथेच दुकानाची किंमत कळते.

घर झोपल्यावर आत दिवा लावता येत नाही, म्हणून ती बाई दार अर्धवट उघडून गॅलरीतल्या ट्यूबच्या उजेडात उंबरठ्यावर बसते. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या डोक्यात ३०० वॉटचा मोठा लाइट, पुढे मोठा स्किमर (उजेड मऊ करणारा कापडी पडदा), असं काहीतरी होतं. काका म्हणाले, गॅलरी तीन-साडेतीन फुटांची, तिथे स्टँड आणि स्किमर उभा केलास तर लोक संडासला जाणार कुठून? त्यांनी नॅनलाइटच्या दोन फुटी बॅटरीवर चालणाऱ्या दोन ट्यूब दिल्या. एक खऱ्या ट्यूबच्या शेजारीच वरती बांधायची, कॅमेऱ्यापासून लपवून. रंग खऱ्या ट्यूबशी जुळवताना थोडा हिरव्याकडे ढकलायचा. "जुनी ट्यूब कधी शुद्ध पांढरी नसते. शुद्ध पांढरं केलंस तर हॉस्पिटल वाटेल." दुसरी ट्यूब आत, पोटमाळ्याच्या कडेला, अगदी मंद, झोपलेल्यांच्या पांघरुणाच्या कडा तेवढ्या दिसाव्यात म्हणून. शिवाय एक २०० वॉटचा लाइट, "लागला तर" म्हणून. तो साधारण एक अँपिअर खेचतो, जुन्या वायरिंगलाही झेपतो. दोन हजार वॉटचा टंगस्टन लावला असता तर आठ-नऊ अँपिअर गेले असते आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज.

निघताना त्यांनी पांढऱ्या टेपचा तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला चिकटवला. त्यावर मार्करने लिहिलं : २५, १/५०, २५००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की गॅलरीतली चोकवाली ट्यूब फ्लिकर होत नाही, म्हणजे लुकलुकताना दिसत नाही. २५०० हा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, कारण एस-लॉग३ मध्ये (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकं रेकॉर्ड करायची पद्धत) या कॅमेऱ्याचे मूळ आयएसओ दोन आहेत, ८०० आणि २५००. रात्रीच्या शॉटला सरळ दुसऱ्यावर जायचं. हे सगळं इंटरनेटवर सापडतं, मान्य. पण रात्री दीड वाजता, वरच्या मजल्यावरचे आजोबा "अजून किती वेळ?" विचारत असताना, कॅमेऱ्यावर चिकटवलेली चिठ्ठीच उपयोगी पडते.

एका गोष्टीवर आमचं जुळलं नाही. काकांचं ठाम मत, शेवटचा शॉट १०० फ्रेमला घ्यायचा, म्हणजे पडद्यावर चौपट हळू. "इमोशनल आहे ना? मग स्लो मोशन पाहिजेच." कॅमेऱ्यात सोय आहे, फोर-के मध्ये १२० फ्रेमपर्यंत जाता येतं, फक्त फ्रेम थोडी कापली जाते. मी नाही म्हटलं. स्लो मोशनमध्ये थकलेला माणूस एकदम वीर दिसायला लागतो, मागे बासरी वाजायला लागते. या बाईच्या आयुष्यात रिफिल बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मला हवा होता, मान खाली, केस कपाळावर, झटपट, कारण उद्या पहाटे पाचला कणीक मळायची आहे. काका मान हलवत राहिले. "करा बाई तुमच्या मनासारखं." पण हट्ट धरला नाही, हेही लिहायला हवं. ज्या दुकानदाराला मत आहे तो बहुतेक वेळा तुमच्या सेटवर येऊन दिग्दर्शन करायला बघतो.

कमी सामानाचा फायदा मला काकूंच्या वेळी झाला. बाईचं काम करणाऱ्या काकू मावशीच्या शेजारच्या. तरुणपणी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमध्ये कामं केलेली, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. चेहराही तसाच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पहिल्या टेकला त्यांनी रिफिल संपल्यावर असा उसासा टाकला की माझ्या असिस्टंटने क्लॅप तोंडावर धरली. "काकू, कमी करा" असं म्हटलं की नटाला वाटतं आपण वाईट करतोय, आणि काकूंना तसं वाटू द्यायचं नव्हतं. मी मावशीच्या मुलाचं दहावीचं बीजगणिताचं पुस्तक आणलं, वर्गसमीकरणांचा सरावसंच उघडला आणि म्हटलं, "काकू, अभिनय राहू दे, हे सोडवा. मला खरं उत्तर पाहिजे."

दहावीनंतर त्यांनी गणिताकडे बघितलं नव्हतं. पाच मिनिटांत त्या मला विसरल्या. पेनचं टोपण चावायला लागल्या, ओठांत पुटपुटल्या, एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली, मध्येच वैतागून वहीवर चापट मारली. त्यांना द्यायचं पेन मी मुद्दाम संपत आलेल्या रिफिलीचं ठेवलं होतं, कधी थांबेल ते मलाही माहीत नव्हतं. थांबलं तेव्हा त्यांनी झटकलं, तळहातावर गिरवून बघितलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अगं, दुसरं दे ना लवकर, विसरेन मी." तो आवाज फिल्ममध्ये नाही, पण चेहरा तिथलाच आहे. खोलीत तेव्हा आम्ही तिघंच होतो, काकू, कॅमेऱ्यामागे मी आणि फोकसला माझा मित्र. मोठे लाइट घेतले असते तर दुकानाचे अटेंडंट सोबत घ्यावे लागले असते, त्यांचा चहा, त्यांचं कन्व्हेयन्स, दारात पाच माणसं. पाच माणसांसमोर काकूंनी नाटकच केलं असतं.

आवाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झूमचा रेकॉर्डर घेतला होता, पंखा बंद करून वहीवर घासणाऱ्या पेनाचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला. बाकी लालबागची रात्र कधीच पूर्ण शांत नसते.

आता तक्रारी. काका नसतात तेव्हा काउंटरला एक नवा मुलगा असतो. सामान उचलायला गेले तेव्हा त्याने मला ओलांडून सोबत आलेल्या माझ्या दुसऱ्या एका मित्राला विचारलं, "सर, मेनूमधली भाषा कुठली ठेवू?" मित्र बिचारा आर्ट डिपार्टमेंटचा, त्याला कॅमेऱ्याची टोपी काढता येत नाही. मी सांगितलं की डायरेक्टर मी आहे, तर मुलगा "सॉरी मॅडम" म्हणाला आणि पुढचा प्रश्न परत त्यालाच विचारला. काकांना हे मी सांगितलं. ते हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसरं, स्टँड. लेन्स आणि बॉडी लखलखीत ठेवतात, पण सी-स्टँडची (लाइट लावायचा आडव्या दांड्याचा स्टँड) मूठ ढिली होती, आर्म हळूहळू खाली येत राहायचा. काउंटरवरच प्रत्येक स्टँड उघडून, आर्मला वजन लटकवून बघा. वाळूच्या पिशव्या भाड्यात धरलेल्या नाहीत, मागितल्या तर वेगळे पैसे. आम्ही पाण्याच्या कॅनवर भागवलं. तीन बॅटऱ्यांपैकी एक म्हातारी होती, पन्नास टक्क्यांवरून थेट झोपायची. चार्जर मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत.

कागदपत्रं : आधार, पत्त्याचा दुसरा पुरावा, कॉलेजचं पत्र आणि डिपॉझिट. मूळ कागद ठेवून घेत नाहीत, झेरॉक्स चालते. मेमरी कार्ड आपलं आणायचं. उचलताना लेन्सची पुढची-मागची काच आणि सेन्सर मोबाइलवर व्हिडिओत घ्या, काकांना राग येत नाही, उलट ते टॉर्च धरतात. माझ्या मैत्रिणीचं दुसऱ्या एका दुकानात आधीपासूनच्या ओरखड्यासाठी डिपॉझिट कापलं गेलं होतं, म्हणून हे आवर्जून सांगते.

शनिवारी संध्याकाळी उचललेलं सामान सोमवारी सकाळी दिलं तर एकाच दिवसाचं भाडं धरतात, कारण रविवारी दुकान बंद. विद्यार्थ्यांसाठी ही या दुकानाची सगळ्यात मोठी सवलत, स्टुडंट रेटपेक्षाही मोठी. शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार तुमचा.

फिल्म झाल्यावर काकांना दाखवायला गेले होते. काउंटरवरच, माझ्या फोनवर, इअरफोन एका कानात घालून त्यांनी ती बघितली. संपल्यावर विचारलं, "पास झाली का गो ती?" मी म्हटलं, ते दाखवलेलं नाही. "मग जाहिरात कसली?" म्हणाले, आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितली. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी फक्त गॅलरीतल्या उजेडाबद्दल विचारलं, हिरवा किती टक्के ठेवला होता. सांगितलं. "थोडा जास्त झालाय." झालाय खरा, पण मला तसाच आवडतो.

लालबाग, परळ, दादरकडून जाणाऱ्यांसाठी शेवटचं : जाताना लोकल, येताना टॅक्सी, दुसरा मार्ग नाही. रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात येत नाही, आणि वांद्र्याला उतरून कॅमेरा, ट्यूब, स्टँड हे सगळं दुसऱ्या गाडीत चढवण्यात जे पैसे वाचतात ते हमालीत जातात. टॅक्सीचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. इमारतीची लिफ्ट मालासाठी आहे म्हणतात, पण ती मी चालू अवस्थेत पाहिलेली नाही, तेव्हा सोबत जिना उतरायला एक दणकट मित्र न्या. परत द्यायची वेळ सोमवारी सकाळी अकराच्या आत, त्यानंतर अर्ध्या दिवसाचं भाडं लागतं आणि त्यात काकाही काही सोडत नाहीत. सोमवारच्या ट्रॅफिकमध्ये लालबागहून अंधेरीला अकराच्या आत पोचायचं असेल तर साडेआठला टॅक्सीत बसलेलं बरं.